पोलिश लग्नाचा हॅशटॅग कसा जुळवावा

पोलंडमधले लग्न बहुधा दोन दिवस चालते. शनिवारी विधी, मग रात्रभर 'वेसेले', म्हणजे जेवण, व्होडका आणि नाच. दुसऱ्या दिवशी जवळची मंडळी पुन्हा जमतात, त्याला 'पोप्राविनी' म्हणतात. एवढ्यात पाहुण्यांच्या फोनमध्ये फोटोंचा डोंगर साठतो. तो एका ठिकाणी सापडावा म्हणून वधूवर एक हॅशटॅग ठरवतात. विषय जुळवण्यासाठी # हे चिन्ह वापरावे, ही कल्पना ख्रिस मेसिना यांनी २००७ मध्ये ट्विटरवर मांडली होती. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग २०११ मध्ये आले.

हॅशटॅग म्हटला की आधी गंमत सुचते. पोलिशमध्ये मात्र आधी अक्षरे पाहावीत. तिथल्या वर्णमालेत नऊ अक्षरांना वर, खाली किंवा मधोमध खूण असते. वुकाश हे नेहमीचे नाव घ्या. त्याचे पहिले अक्षर म्हणजे तिरकी रेघ मारलेला 'एल', आणि त्याचा उच्चार 'व' असा होतो. रेघ न मारता लिहिले तर तो लुकाश होतो, आणि इन्स्टाग्रामच्या लेखी हे दोन वेगळे हॅशटॅग ठरतात. लंडनहून आलेल्या मैत्रिणीला ते अक्षर फोनवर सापडत नाही. घाईत टाइप करताना खुद्द पोलिश माणसेही खुणा गाळतात. मग निम्मे फोटो एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे जातात. खुणा मुद्दाम गाळून छापणे हा एक उपाय आहे, पण पोलिशमध्ये खूण गेली की अर्थही बदलू शकतो. 'कोंत' म्हणजे कोपरा. त्याची खूण काढली की उरतो 'कात', म्हणजे फाशी देणारा. म्हणून खुणांची अक्षरे मुळातच नसलेले शब्द निवडावेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

यानंतर नावे. पत्रिकेवर काताझिना आणि तोमाश छापलेले असते, पण सगळे त्यांना काशा आणि तोमेक म्हणतात. हॅशटॅगमध्ये हाकेचीच नावे हवीत. इथे व्याकरण आडवे येते. 'लग्न' हा शब्द आधी जोडला की नावे विभक्तीत जातात, 'श्लुब काशी इ तोमका'. आपल्याकडे सामान्यरूप होते तसाच हा प्रकार. परदेशी पाहुणा नेमका इथे चुकतो, म्हणून नावे मूळ रूपातच ठेवलेली बरी. 'आणि' या अर्थाचा 'इ' हे एकच अक्षर आहे. हॅशटॅगमध्ये जागा सोडता येत नाही, त्यामुळे ते शेजारच्या नावात मिसळून जाते. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत छापले की वाचायला सोपे होते. टाइप करताना अक्षर लहान असो वा मोठे, हॅशटॅग तोच राहतो. आता अडचण अशी, की 'काशा इ तोमेक' या नावाची विनोदी मालिका २००२ पासून पोलिश टीव्हीवर गाजली होती. या नावाच्या जोडप्याने वेगळी वाट शोधावी.

ती वाट बहुतेक वेळा आडनावातून सापडते. कोवाल्स्की नवरा, कोवाल्स्का बायको, आणि दोघे मिळून कोवाल्स्त्सी. हे अनेकवचन म्हणजे नव्या संसाराची आयती पाटी आहे. नोवाक हे पोलंडमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. त्याच्या मुळाशी 'नवा' हाच अर्थ आहे. त्यामुळे #नोवीनोवाकोव्ये, म्हणजे 'नवे नोवाक', हा हॅशटॅग अर्थाने आणि अनुप्रासाने दोन्हीकडून जमतो, शिवाय त्यात एकही खूण लागत नाही. विल्क म्हणजे लांडगा. 'लांडग्याचे पोट भरले आणि मेंढीही शाबूत' अशा अर्थाची पोलिश म्हण सर्वांना पाठ असते. विल्क आडनावाच्या घरी तिचा पहिला तुकडा, #विल्कसिती, लगेच लक्षात राहील. वधूने दोन्ही आडनावे ठेवली असतील तर मधली छोटी आडवी रेघ वापरू नका, हॅशटॅग तिथेच तुटतो.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो मेजवानीतल्या आरोळीवरून केलेला हॅशटॅग. पाहुणे 'गॉश्को, गॉश्को!' म्हणजे 'कडू, कडू!' असे ओरडतात. व्होडका कडू लागते आहे, ती गोड करायला नवराबायकोने चुंबन घ्यावे, असा त्याचा अर्थ. #गॉश्कोउकोवाल्स्किख, म्हणजे 'कोवाल्स्कींकडे कडू'. लांब आहे, पण रात्रभर कानावर पडणारा शब्दच त्यात असल्याने विसरायची भीती नाही. नुसते 'गॉश्को' मात्र पुरणार नाही, ते प्रत्येक लग्नात असते. नुसते 'वेसेले' तर मुळीच नको. स्तानिस्वाव विस्प्यान्स्की यांचे १९०१ मधले प्रसिद्ध नाटक त्याच नावाचे आहे, आणि १९७२ मध्ये आंद्जेय वायदा यांनी त्यावर काढलेला चित्रपटही.

ठरवलेला हॅशटॅग आधी इन्स्टाग्रामवर शोधा. तो दुसऱ्या कोणी वापरला असेल तर वर्ष किंवा गावाचे नाव जोडा. नेमकी तारीख टाळा, कारण पोप्राविनी दुसऱ्या दिवशी असतात. मग तो टेबलावरच्या कार्डांवर आणि व्होडकाच्या बाटलीला अडकवायच्या चिठ्ठ्यांवर छापा. मध्यरात्री 'ओचेपिनी'त वधूच्या डोक्यावरची ओढणी उतरवतात, तेव्हा फोटो भरभरून निघतात. त्याआधी बँडवाल्याला एकदा तो मोठ्याने सांगायला लावा. खासगी खात्यावरचे फोटो हॅशटॅगखाली सर्वांना दिसत नाहीत, ते पाहुण्यांकडून वेगळे मागून घ्यावे लागतात.

छपाईला देण्यापूर्वी हॅशटॅग एखाद्या आजीला फोनवर नुसता ऐकवा आणि टाइप करायला सांगा. पहिल्याच खेपेला बरोबर आला तरच छापा.