खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय: सुरुवात कशी कराल?

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: 'काचा पुसून देणारं कोणी आहे का?' हे काम स्वतःच सुरू करायचं असेल तर भांडवल फार लागत नाही. पण काही गोष्टी आधी माहिती हव्यात.

साहित्य काय लागतं?
रबरी पट्टीचा वायपर, मायक्रोफायबर कापड, बादली, लिक्विड सोप आणि स्लायडिंगच्या रुळांतली धूळ काढायला ब्रश. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने निघू शकतात. भर उन्हात काच धुऊ नका. वायपर फिरवण्याआधीच साबण वाळतो आणि ओघळ दिसतात.

नोंदणी करावी लागते का?
उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकाने मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

दर कसा सांगायचा?
आधी खिडक्या बघा. ग्रिल, मच्छरजाळी, रंगाचे शिंतोडे असतील तर वेळ वाढतो. प्रवासाचा खर्चही धरा.

सगळ्यात महत्त्वाचं काय?
ग्राहक म्हणेल, 'जरा बाहेरूनही पुसा ना, आधीचा मुलगा सज्जावर उतरायचा.' नाही म्हणा. उंचावरचं बाहेरचं काम दोर, हार्नेस आणि प्रशिक्षण असलेल्यांचं आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. ते घ्याच. पण विमा आहे म्हणून सज्जावर पाय ठेवू नका.