कूलंटचे 'दूध' का नासते?

पिंपरी : भोसरी, चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील यंत्रशाळांत धातू कापताना जो दुधासारखा पांढरा द्राव सतत वाहत असतो, त्याला कामगार 'कूलंट' म्हणतात. हत्याराचे आयुष्य, सुट्या भागांची सफाई आणि कामगाराच्या हातांची त्वचा, या तिन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. हे 'दूध' नासले, की तिन्हींना झळ पोहोचते.

कूलंट म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. तेलाचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के असते. आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, ५ टक्के थेंबांमुळे द्रावाचा दाटपणा अवघा १२ ते १३ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे कूलंट पाण्यासारखेच वाहते. थेंबांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेले, तर ते परस्परांना रेटू लागतात आणि मिश्रण मलमासारखे घट्ट होते.

आधी पाणी, मग तेल

म्हणूनच मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पाणी ढवळत त्यात तेल सोडावे लागते. उलट केल्यास तेलातच पाण्याचे थेंब अडकतात व घट्ट गोळा तयार होतो. दूध आणि लोणी यांच्यातला फरक हाच आहे.

थेंब एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी तेलात पायसीकारक घातलेले असते. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच्याशी संयोग पावून चिकट साका बनवतात आणि तेल वर तरंगू लागते. पाणी फारच मृदू असेल, तर फेस होतो. फेसातील हवा पंपात शिरली, की धार तुटते. त्यासाठी फेसरोधक घालतात.

उन्हाळ्याचा परिणाम

पाण्याचा दाटपणा १० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४० अंशांना निम्मा होतो. तेलावर तापमानाचा परिणाम याहून कितीतरी अधिक होतो. त्यामुळे थंडीत पिंपातील तेल सावकाश मिसळते. उष्णतेने थेंबांच्या टकरी वाढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मात्र मागे उरतात. शिवाय जिवाणू फोफावतात. साप्ताहिक सुटीनंतर टाकी उघडताच येणारा कुबट वास त्यांचाच. जिवाणूनाशक कमी पडले तर वास, जास्त झाले तर हातांना खाज, अशी ही कसरत असते. रिफ्रॅक्टोमीटरने रोज प्रमाण तपासणे आणि तरंगते तेल काढून टाकणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

नासलेले कूलंट गटारात सोडता येत नाही. तेलमिश्रित अवशेषांची गणना २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यात केली आहे. पायसीकारकामुळे तेल सहजी वेगळे होत नाही. ते आम्ल किंवा तुरटी घालून फोडावे लागते. तसे न करता ओढ्यात सोडलेले कूलंट पवना आणि इंद्रायणीलाच जाऊन मिळते.