भांडवल कोणाचें आणि नफा कोणाचा?

पैसा मिळविणें हें पाप आहे काय? धर्माची गोष्ट निघाली कीं, पेठेंतील मनुष्याच्या मनांत हा प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. ख्रिस्ती धर्म केवळ दारिद्र्याचाच गौरव करितो, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु तो यथार्थ नव्हे. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांत येशूनें एका धनिकाचा दृष्टांत दिला आहे. त्याची जमीन उदंड पिकली, तेव्हां जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधण्याचा त्यानें बेत केला; पण त्याच रात्रीं त्यास मृत्यूचें बोलावणें आलें. त्यानें कोणास लुबाडलें होतें, असें तेथें म्हटलेलें नाहीं. पीक, कोठार आणि आयुष्य हीं तिन्ही त्यानें आपल्याच नांवें जमा धरलीं, हा त्याचा दोष. मनुष्य धनाचा मालक नसून कारभारी आहे, हें ख्रिस्ती मताचें सार होय.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनीं हें तत्त्व व्यवहारांत उतरविलें. प्रामाणिकपणें मिळवावें, काटकसर करावी व उरेल तें गरजूंस द्यावें, असा त्यांचा उपदेश असे. १७४६ सालीं लंडन येथें त्यांनीं ३० पौंड १६ शिलिंग वर्गणी जमवून गरिबांसाठीं एक फंड काढला. एका वेळीं २० शिलिंगांपर्यंत कर्ज द्यावयाचें व तें आठवड्याच्या हप्त्यांनीं तीन महिन्यांत फेडून घ्यावयाचें, असा नियम होता. एवढ्याशा रकमेवर दीड वर्षांत २५५ माणसांची नड भागली. कारण परत आलेला पैसा लागलाच दुसऱ्याच्या उपयोगीं पडे.

योगायोग असा कीं, त्याच १७४६ सालीं सॉमरसेट परगण्यांत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरीं जेम्स लॅकिंग्टन याचा जन्म झाला. तोही बापाचाच धंदा शिकला. १७७४ सालीं त्यानें लंडनास जुन्या पुस्तकांचें लहानसें दुकान मांडलें आणि पुढें वेस्लींच्या फंडांतून त्यास ५ पौंड बिनव्याजी मिळाले. त्यावर त्यानें माल वाढविला. १७८० पासून उधारी अजिबात बंद केली. थोडा नफा व मोठा खप हें धोरण ठेविलें. १७९१ च्या सुमारास आपण वर्षास लाखाहून अधिक पुस्तकें विकतों, असें तो अभिमानानें लिहूं लागला. त्या अभिमानांत खोटें कांहीं नव्हतें. परंतु १७९१ च्या ज्या आत्मचरित्रांत त्यानें हा उत्कर्ष वर्णिला, त्यांतच ज्यांनीं अडचणींत हात दिला त्या मेथडिस्टांची मनसोक्त टवाळीही केली. त्याच वर्षीं वेस्ली वारले. ग्रंथविक्रीपासून त्यांनाही मोठी प्राप्ति झाली होती. ती त्यांनीं हयातींतच वांटून टाकिली होती.

पुढें लॅकिंग्टन धंद्यांतून निवृत्त झाला व पुन्हां मेथडिस्टांकडे वळला. १८०४ सालीं दुसरें पुस्तक लिहून त्यानें पूर्वीच्या निंदेबद्दल जाहीर पश्चात्ताप केला, स्वतःच्या पैशानें प्रार्थनामंदिरें बांधिलीं, आणि १८१५ सालीं तो मरण पावला.

या चरित्रांतील बोध धर्मभेद बाजूस ठेवून विचारांत घेण्याजोगा आहे. ५ पौंडांची फेड करितां येते. पण एका गरीब कारागिरावर टाकलेल्या विश्वासाची फेड मुद्दल भरून होत नाहीं. तसाच विश्वास दुसऱ्या होतकरू माणसावर टाकणें, हीच तिची रीत. आमच्या पेठेंतील भरभराटलेल्या किती दुकानांच्या मुळाशीं अशीच कोणाची तरी उधारी किंवा जामिनकी आहे, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. दिवाळींत नव्या वहीचें पूजन करणाऱ्या व्यापाऱ्यांनीं त्या वहींत एक पान बिनव्याजी, बिनतारणी कर्जासाठीं राखून ठेवावें, अशी आमची त्यांस विनंती आहे. तिजोरींतील धन मागें राहणाऱ्यांचें होतें. जें योग्य माणसाच्या उपयोगीं पडलें, तेंच देणाऱ्याचें खरें धन.