थेंब कुठं संपतो?

पोरांनो, आज पावसाच्या एका थेंबाची गोष्ट ऐका. भीमाशंकरच्या डोंगराला ढग अडतात, तिथं मोकळे होतात, आणि उरलेसुरले पूर्वेला सरकत आपल्या अवसरी खुर्दपर्यंत येतात. ढगातल्या पाण्याच्या कणाची त्रिज्या असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. असे दहा लाख कण एकत्र आले, की १ मिलिमीटर त्रिज्येचा एक थेंब होतो. म्हणजे अंगणात टपकलेल्या त्या एका थेंबामागं दहा लाख भेटीगाठी असतात!

तुम्ही चित्रात थेंबाला वर टोक काढता ना? पडणाऱ्या थेंबाला टोक नसतं. लहान थेंब गोल असतो. मोठा झाला की खालून येणारी हवा त्याला दाबते आणि तो पावासारखा होतो, तळाशी सपाट आणि वरून फुगीर. व्यास पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं गेला तर फुटतोच. डबक्यात पडला की पाण्यात खळगा होतो. खळगा मिटताना कधीकधी खाली हवेचा एक बुडबुडा अडकतो, आणि आपल्याला ऐकू येणारं ते ‘टपक्’ त्या बुडबुड्याच्या थरथरण्याचं असतं. मार्सेल मिनार्ट नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ साली त्याचं गणित मांडलं: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे ३,२०० वेळा आकसतो आणि फुगतो.

डोळ्याला हे दिसायचं कसं? म्हणून माणसानं थेंब संगणकात पाडायला घेतला. आपल्या गावातलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ साली सुरू झालं. तिथं शिकणाऱ्या पोरापोरींनाही हे करता येईल, कारण प्रवाहांचं गणित करणारी ओपनफोमसारखी प्रणाली फुकट मिळते.

आधी एक पेटी कल्पायची, १ सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच. तिचे बारीक घनाकार कप्पे पाडायचे. मिलिमीटरला वीस कप्पे धरले तर पेटीत ८० लाख कप्पे होतात. प्रत्येक कप्प्यात एक आकडा लिहायचा: पूर्ण पाणी असेल तर १, नुसती हवा असेल तर ०. आणि ज्या कप्प्यातून थेंबाची कड जाते, तिथं अधलामधला. हर्ट आणि निकोल्स या दोघांनी ही युक्ती १९८१ साली मांडली. मला ती फार आवडते. थेंब नावाची वस्तू संगणकाला ठाऊकच नसते, त्याला फक्त प्रत्येक कप्प्यात पाणी किती ते कळतं. पाणी कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली, हे त्यानं त्या आकड्यांवरून ताडायचं.

सगळी अडचण त्या कडेवरच आहे. कडेच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून आठशे पटींनी हलकी हवा. शिवाय कड सतत आवळत असते, त्याला पृष्ठताण म्हणतात. १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबात त्यामुळं बाहेरच्यापेक्षा सुमारे १४४ पास्कल दाब जास्त असतो. म्हणून जाणता माणूस पहिल्याच दिवशी थेंब पाडत नाही. तो गुरुत्वाकर्षण काढून टाकतो, पेटीच्या मधोमध एक गोल थेंब ठेवतो आणि बघत बसतो. खरं तर काहीच हलायला नको. पण कडेची वक्रता मोजताना कप्प्यांच्या कोनाकोपऱ्यांमुळं चूक होते, आणि निजलेल्या थेंबाभोवती खोटेच प्रवाह फिरू लागतात. ते किती जोराचे आहेत, आतला जादा दाब १४४ च्या आसपास येतो का, हे तपासूनच पुढं जायचं. ही पायरी गाळणाऱ्याच्या रंगीत चित्रांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग वेळेचं. कड इतकी चपळ, की एवढ्या बारीक कप्प्यांसाठी सेकंदाचे जवळजवळ लाख तुकडे करून एकेक तुकडा मोजावा लागतो. कप्प्याची बाजू निम्मी केली तर कप्पे आठपट होतात, वेळेचे तुकडेही वाढतात, आणि काम बावीस-तेवीस पटींनी वाढतं.

आणि दहा लाख कणांच्या भेटीगाठी? बारीक कण मोठ्याच्या वाटेतून हवेबरोबर बाजूला निसटतात, एकमेकांना सहज धडकत नाहीत. ढगातल्या हवेच्या भोवऱ्यांनी ते कसे जवळ येतात, कधी वाढतात, कधी सुकून जातात, हे पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणकांवर तपासतात. २००९ पासून त्या संस्थेसाठी विमानं खऱ्या ढगांत शिरून कण मोजत आली आहेत. महाबळेश्वरलाही तिची ढगांची प्रयोगशाळा आहे, कारण तिथं पावसाळ्यात ढगच दारात येतो.

याच संस्थेनं घडवलेली ‘भारत’ ही अंदाजप्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा एकेक चौकोन ६ किलोमीटरचा. आपलं अख्खं गावठाण त्यात मावतं, थेंब मात्र दिसायचं नाव नाही. कण केव्हा जुळतात आणि केव्हा पाऊस होऊन खाली येतात, याचा नियम तिला बाहेरून शिकवावा लागतो. तो नियम घडवायला ढगात शिरलेली विमानं हवीत, तशाच या बारीक पेट्याही.