डुलांचा तोरा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादी मोत्यांची, चांदबाल्यांची ओळख इथे म्हणूनच जुनी. आता कुड्या-झुमक्यांच्या शेजारी हिऱ्या-पाचूचे डूलही दिसतात.

डुलात वर पाळीवर बसणारा खडा, खाली बारीक कडीतून लोंबणारा लोलक. कडी मोकळी हलली की मान वळताच हिरा चमकतो. हिऱ्यासाठी बहुधा १८ कॅरेटचं, म्हणजे ७५ टक्के शुद्ध सोनं वापरतात. २२ कॅरेटपेक्षा ते कडक, त्यामुळे खड्याची पकड टिकते.

पाचूच्या नैसर्गिक भेगा बहुतेकदा तेलाने भरलेल्या असतात. म्हणून गरम पाण्याने पाचू धुऊ नये.

जोड जड असेल तर कानवेल लावावा. घेताना हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) तपासा आणि बिलावर सोन्याचं व खड्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या.