स्पिनरबेट घेताय? आधी धरणाचं पाणी बघा, मग ॲपचा फिल्टर लावा

आपण एरवी फोन, ॲप आणि सेटिंग्जबद्दल बोलतो. आजचा विषय मासेमारीचा असला तरी चूक तीच जुनी आहे: रेटिंग आणि फोटो बघून वस्तू मागवायची आणि आपलं काम त्या वस्तूने होणार आहे का, हे तपासायचंच नाही.

मी मूळचा पारोळ्याचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. सुट्टीत घरी आलो की तामसवाडीच्या बोरी धरणाकडे चक्कर ठरलेली. रील्सवर अमेरिकेतले लोक स्पिनरबेट टाकून बास मासा काढताना बघितले आणि मीही एका शॉपिंग ॲपवरून दहा नगांचा संच मागवला. सगळे चंदेरी, चमचमीत, साडेचार स्टार. पावसाळा नुकताच संपला होता. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ टाकत बसलो, एकही मासा लागला नाही. माझे मोठे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गांडूळ लावून शेजारी बसले होते. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "पानी गढूळ शे. मासाले हाई चमक कशी दिखी?"

इंजिनिअरिंगची चार वर्षं एका वाक्यात निकालात निघाली! चला, नीट समजून घेऊ.

स्पिनरबेट म्हणजे काय?

मोठी सेफ्टी पिन उघडून धरा. खालच्या तारेवर शिशाचं डोकं, त्यातून निघालेला एक गळ आणि गळावर रबरी धाग्यांची झालर. वरच्या तारेवर धातूची पत्ती, म्हणजे ब्लेड. ओढलं की पत्ती फिरते, झालर हलते आणि माशाला वाटतं, छोटा मासा पळतोय. गळाचं टोक वर असतं आणि तार त्याच्या पुढे चालते. त्यामुळे बुडालेल्या बाभळीत किंवा गवतात हे सहसा अडकत नाही.

ॲपवर 'स्पिनर' शोधलं की तीन-चार वेगळ्या वस्तू एकत्र दिसतात. सरळ तारेवर पत्ती आणि मागे तीन तोंडांचा गळ असेल, तर तो इनलाइन स्पिनर. तो गवतात लगेच अडकतो आणि तंगूसला पीळ पाडतो. पत्तीच्या जागी पंख्यासारखं पातं असेल, तर ते बझबेट, पाण्याच्या वरच्या थरात चालणारं. फोटोत सेफ्टी पिनचा आकार दिसला तरच ते स्पिनरबेट.

आपल्याकडे बास नाही, मरळ आहे

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. आपल्या धरणांत त्याची जागा मरळने घेतली आहे. दोघेही दबा धरून शिकार करणारे, गवताच्या कडेला थांबून जवळून जाणाऱ्यावर झडप घालणारे. मरळला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो मधूनमधून वर येतो. पाण्यावर गोल वलय उठलं की मासा कुठे आहे याचा अंदाज येतो. रोहू, कटला, मृगल मात्र शिकारी नाहीत, त्यांच्यासाठी स्पिनरबेट घेऊ नका.

पत्ती म्हणजे सिग्नल

स्पिनरबेट माशाला दोन सिग्नल पाठवतं: चमक आणि थरथर. चमक डोळ्यांसाठी असते. थरथर माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला कळते. डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली ही रेषा म्हणजे पाण्याची हालचाल टिपणारा सेन्सर. तो जवळच्या अंतरावरच काम करतो, पण गढूळ पाण्यात किंवा अंधारातही चालतो.

आता पत्त्यांचे तीन प्रकार बघा:

• विलो: लांब, पानासारखी. चमक जास्त, थरथर कमी. वेगात ओढायला चांगली.
• कोलोराडो: गोल, चमच्यासारखी खोलगट. पाणी जोरात ढकलते, त्यामुळे थरथर जास्त. अगदी हळू ओढली तरी फिरते.
• इंडियाना: दोघींच्या मधली.

माझ्या संचात दहाच्या दहा विलो होत्या. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांतून माती येते आणि तिचे बारीक कण लवकर खाली बसत नाहीत. म्हणजे व्हिडिओ कॉल चालू आहे आणि समोरच्याचा कॅमेरा झाकलेला, तरी मी चित्रच पाठवत होतो. तिथे ऑडिओ पाठवायला हवा होता, म्हणजे कोलोराडो.

पाणी मोजायची सोपी युक्ती

अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून नितळपणा मोजला. आपणही करू शकतो. पांढऱ्या ताटलीला दोरी आणि वजन बांधा, सावलीच्या बाजूने सोडा आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवर खूण करा. माझा ढोबळ हिशोब असा:

• एक फुटाच्या आत गायब: एकच मोठी कोलोराडो. झालर काळी किंवा पोपटी-पिवळी. ओढायचं हळू.
• एक ते तीन फूट: इंडियाना, किंवा एक कोलोराडो आणि एक विलो अशी जोडी.
• तीन फुटांच्या पुढे: विलो. झालर पांढरी किंवा चंदेरी, छोट्या माशासारखी.

गढूळ पाण्यात काळा रंग कशाला? खालून वर बघताना उजेडासमोर त्याची आकृती ठळक दिसते म्हणून.

स्पेसिफिकेशन कसं वाचायचं?

वजन: बऱ्याच ठिकाणी औंसात लिहितात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. पाव औंस ७ ग्रॅम, तीन अष्टमांश साडेदहा, अर्धा १४. हा आकडा बऱ्याचदा फक्त डोक्याचा असतो. पत्ती आणि झालर धरून वजन वाढतं. तुमच्या रॉडवर ल्यूरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, त्यात बसेल असंच घ्या. काठावरून टाकायला ७ ते १० ग्रॅमपासून सुरुवात करा.

स्विव्हल: पत्ती ज्या कडीवर फिरते ती. बॉल बेअरिंगवाली घ्या. स्वस्तातली साधी कडी अडकते आणि हळू ओढलं की पत्ती फिरतच नाही. हातात आल्यावर फुंकर मारून बघा. पत्ती सहज फिरली तर ठीक.

गळ: मरळचं तोंड कडक असतं. गळ बोटाने वाकत असेल तर परत करा.

बांधणी: तार जिथे वळते तिथे बंद कडी नसेल, तर तंगूस थेट तारेला बांधा. तिथे क्लिप लावली तर ती तारेवर सरकते आणि सगळं वाकडं चालतं.

फोनने टेस्ट करा

धरणावर जायच्या आधी शेतातल्या हौदात स्पिनरबेट ओढा आणि २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शूट करा. हा व्हिडिओ ३० फ्रेमने चालतो, म्हणजे ८ पट हळू. स्लो व्हिडिओत १० सेकंदांत पत्तीच्या १० फेऱ्या मोजल्या, तर खऱ्या आयुष्यात सेकंदाला ८ फेऱ्या. फोनमध्ये १२० फ्रेमच असतील तर ४ पटीचा हिशोब करा. ९६० वगैरे मोड मोजणीला वापरू नका, काही फोन मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने तयार करतात.

ओढायचा वेग हळूहळू कमी करा. कोणत्या वेगाला पत्ती थांबते ते लक्षात ठेवा. गढूळ पाण्यात तुम्हाला त्याच्या जरासं वरच राहायचं आहे. माझ्या संचातल्या दहापैकी चार पत्त्या हळू ओढल्यावर फिरल्याच नाहीत.

जो फिल्टर ॲपमध्ये नाही

पुढच्या पावसाळ्यात मी एकच कोलोराडोवालं स्पिनरबेट घेऊन गेलो. गवताच्या कडेला पाण्यावर लालसर-नारिंगी ठिपक्यांचा गोळा हलताना दिसला. मी त्याच्या पलीकडे टाकलं, हळू ओढलं आणि दुसऱ्याच वेळी जोरात झटका. चांगली दोन हातांएवढी मरळ! मी फोटोसाठी फोन काढेपर्यंत नाना उठून जवळ आले होते. तो गोळा म्हणजे तिची पिल्लं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. मरळ नर-मादी पिल्लांची राखण करतात. जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात, भूक असो वा नसो. ते पकडले की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

नानांनी हात ओले करून गळ काढला आणि ती त्याच जागी सोडून दिली. मला रागावले नाहीत. फोटो मात्र काढू दिला नाही.

म्हणून पावसाळ्यात पिल्लांचा गोळा दिसला की तिथे टाकू नका, कितीही मोह झाला तरी. आणखी एक: धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. मत्स्यबीज सोडायचा खर्च ते करतात. आधी त्यांना विचारा, परवानगी घ्या.

आणि एक प्रामाणिक सल्ला. पाणी पूर्ण जलपर्णीने झाकलं असेल, तर स्पिनरबेट घेऊच नका, तिथे रबरी बेडूक बरा. स्पिनरबेटचं काम गवताच्या कडेचं आहे. दहाचा संच घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात बॉल बेअरिंगवाले दोन घ्या: एक कोलोराडो, एक विलो. कोणतं बांधायचं ते काठावर गेल्यावर ताटली सांगेल.