किनवट ते राजुरा, बेलामार्गे

आपल्या संघाच्या सभासदांत परदेशी सफर करून आलेल्यांची आता वाण राहिलेली नाही. लंडन-पॅरिस तर झालेच; एका सभासद कुटुंबाने गेल्या वर्षी बाल्कन प्रदेशातील आल्बानिया हा देश गाठला. १९९१ पर्यंत जगाला बहुतांशी बंद असलेल्या त्या देशात आगगाडीचा आधार फारसा नाही. लहान मोटारगाड्या, ज्यांस तेथे 'फुर्गोन' म्हणतात, उतारू भरले की सुटतात आणि घड्याळाकडे कोणी पाहत नाही. ते वर्णन ऐकताना आम्हांस सारखे वाटत होते की हे सर्व आपल्या ओळखीचे आहे. आपल्या शेजारचा आदिलाबादचा मुलूख असाच आहे. तेथे प्रवासी म्हणून कोणी जात नाही, आणि जो जातो तो कामापुरता मोटारीने जाऊन परत येतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही या मुलखातून सहकुटुंब प्रवास केला, तोही आगगाडी व एस. टी. यांवर भिस्त ठेवून. घरच्या मोटारीत काचा बंद करून बसले की मातोश्रींना मळमळते, हे त्याचे खरे कारण. मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू, त्यांच्या पत्नी व दोन मुले असे सात जण नांदेडहून निघालो. बेल्यास आमच्या आत्याबाई असतात. त्यांना बरोबर घेऊन भद्रावतीस श्रीकेशरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास जावयाचे, असा बेत होता. नणंद-भावजयीची भेट सहा वर्षांत झालेली नव्हती.

मुदखेड सोडल्यावर भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड करीत गाडी किनवटास येते. पुढे सागवानाचे जंगल लागते. हा लोहमार्ग एके काळी मीटरगेज होता, आता रुंद झाला आहे. किनवट महाराष्ट्रात, आदिलाबाद तेलंगणात, आणि दुसऱ्या दिवशी ज्या राजुऱ्यास आम्ही पोहोचलो ते पुन्हा महाराष्ट्रात. मुलांना नकाशावर याचे मोठे नवल वाटले. परंतु ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ही तिन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात, हैदराबाद संस्थानच्या व नंतर हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली. किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, बेला आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ साली तेलंगणात आले. आमचे आजोबा किनवटास सरकीचा व्यापार करीत. किनवटाहून बेला आणि बेल्याहून राजुरा ही त्यांची नित्याची वाट होती, आणि त्यात त्यांनी जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता.

त्या काळची खरी सीमा नद्यांची होती. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, वर्धा नदीपलीकडे चांदा; अलीकडे मोगलाई. मोगलाईत हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार, आणि हिशेब सात हालीस सहा कलदार असा. शिवाय मालावर करोडगिरीचा नाका. वडिलांच्या पिढीतील व्यापाऱ्यांना हा बट्ट्याचा हिशेब झोपेतही करता येई. आज नाणे एक आहे आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने राज्याराज्यांचे विक्रीकर नाकेही काढले. मालाची वाट अशी मोकळी झाली. माणसांची झाली की नाही, ते पुढे येईलच.

आदिलाबादेस उतरून बेल्याची बस धरली व वाटेत जैनथ येथे उतरलो. हे नाव ऐकून आपल्या समाजातील पुष्कळांचा समज असा की हे मूळचे जैन मंदिर असावे. तसे छापलेलेही आढळते. आज तेथे लक्ष्मीनारायणाची पूजा होते व कार्तिकात मोठा उत्सव भरतो. परंतु तेथे सापडलेला संस्कृत शिलालेख निराळेच सांगतो. तो माळव्याच्या परमार उदयादित्याचा पुत्र जगद्देव याच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा बाराव्याच्या आरंभीचा आहे. लोलार्क नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे मंदिर बांधले, असे त्यात आहे. वर्षातील काही दिवस उगवतीचे किरण मूर्तीच्या पायांवर येतात, याचा अर्थ त्यावरून लागतो. पद्मावती हे नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी हात जोडले. ही ती पद्मावती नव्हे, हे सांगण्याचे धाडस आम्ही केले नाही. नावावरून मालकी सांगण्याची घाई करू नये, एवढे मात्र बंधूंना म्हणालो. याच जगद्देवाचा शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा दुसरा लेख यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगाव येथे मिळाला आहे. तेव्हा पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच्याच अमलाखाली होते.

बेल्यास सायंकाळपूर्वी पोहोचलो. काळी कसदार जमीन, कापसाची बोंडे फुटलेली, आणि दारोदार वेचणीचे कापड वाळत घातलेले. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या चारही भाषा कानी पडतात. एकाच वाक्यात दोन भाषा सहज येतात, आणि दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून तिसरी काढतो. आत्याबाईंची नात आदिलाबादेस महाविद्यालयात शिकते. ती आमच्याशी मराठी बोले, मैत्रिणीशी तेलुगू, आणि हिशेब इंग्रजीत करी. रात्री आत्याबाईंनी आमच्या सौभाग्यवतींना एकीकडे घेऊन सांगितले की, राजुऱ्याच्या एका घरून या मुलीसाठी विचारणा आली आहे. देवदर्शनाच्या निमित्ताने ते घर पाहून घ्यावे, हा त्यांचा खरा हेतू होता.

येथे थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. आत्याबाईंना बेल्यास दिल्यानंतर आमच्या घरातून त्या बाजूस एकही मुलगी गेली नाही, तिकडून एकही आली नाही. वैर नाही, विसर नाही. अडचण कागदांची आहे. एका राज्याचा अधिवासाचा दाखला दुसऱ्यात चालत नाही. मुलांचे शिक्षण, प्रवेश, नोकरी यांचा प्रश्न उभा राहतो. मग मध्यस्थच म्हणतात, "कशाला पलीकडचे स्थळ?" चाळीस-पन्नास किलोमीटरवरचे घर दूर आणि पुण्याचे जवळ, अशी स्थिती झाली आहे.

सकाळी तेलंगणाच्या 'पल्ले वेलुगु' गाडीत बसलो. या नावाचा अर्थ 'खेड्याचा प्रकाश'. येथे एक गंमत घडली. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील रहिवासी स्त्रियांस अशा गाड्यांतून राज्याच्या हद्दीत भाडे पडत नाही. आत्याबाईंनी आधार कार्ड दाखविले व शून्य रुपयांचे तिकीट घेतले. मातोश्री नांदेडच्या, म्हणून त्यांना पूर्ण भाडे. कोरपन्यास गाडी बदलून महाराष्ट्राच्या एस. टी. त बसताच पारडे फिरले. येथे पंचाहत्तरी उलटलेल्यांस २०२२ पासून प्रवास मोफत आणि स्त्रियांस २०२३ पासून अर्धे भाडे. मातोश्री फुकट आणि आत्याबाईंना अर्धे. "वहिनी, माझे राज्य संपले, आता तुमचे," असे आत्याबाई म्हणाल्या. त्यावर मातोश्री म्हणाल्या, "वन्सं, दोन्हीकडे फुकट जायचे तर दोन घरी नांदावे लागेल." गाडीतील शेतकरी बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

कोरपना ते गडचांदूर हा पट्टा सिमेंटचा. माणिकगडाच्या पायथ्याचा हा चुनखडीचा प्रदेश आता मालमोटारींनी भरून गेला आहे. त्यांची रांग अडली आणि आम्ही दीड तास एका जागी उभे राहिलो. मुलांनी या वेळात शेजारच्या आजोबांकडून जिवतीकडच्या त्या चौदा गावांची हकिकत ऐकली, ज्यांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला व जेथे लोकांकडे दोन-दोन शिधापत्रिका असत. मुलांनी विचारले, "मग ते परीक्षा कोणत्या राज्याची देतात?" प्रश्न पोरकट नव्हता.

गडचांदुरास पुढची एस. टी. निघून गेलेली. अखेर काळी-पिवळी जीप केली. तीही भरल्याशिवाय सुटत नाही. परंतु आम्हीच आठ जण असल्याने चालकास फारसे थांबावे लागले नाही. राजुऱ्यास पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मातोश्री व आत्याबाई दोघींचा रात्रिभोजनाचा त्याग, आणि त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. लगेच पुढे निघावे तर स्थळ पाहणे राहते. थांबावे तर भद्रावतीची भोजनशाळा चुकते व दोघींना उपवास घडतो. मातोश्रींनी निर्णय दिला : "देव उद्याही तेथेच आहेत. आधी मुलीचे घर."

आगाऊ वर्दी न देता आठ माणसे दारात उभी राहिली, हे आम्हांस अवघड वाटत होते. परंतु त्या घरच्या गृहिणीने प्रथम घड्याळाकडे पाहिले, मग आमच्या मातोश्रींकडे, आणि काही न विचारता चूल पेटविली. पाच वाजून वीस मिनिटांनी पाने वाढली होती. जेवणानंतर घरच्या वृद्धांनी लोखंडी पेटीतून जमिनीचे जुने उर्दू कागद काढले; त्यांवर जिल्हा आदिलाबाद असे होते. आमच्या आजोबांचे नाव त्यांना ठाऊक होते, आणि सरकीच्या एका व्यवहाराचा भावही.

कागदांचा प्रश्न मात्र तेथेही निघाला. मुलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत तिने आदिलाबादेसच राहावे, दाखल्यांची चौकशी दोन्ही तहसिलींत करावी, आणि माघात मुलाने बेल्यास येऊन मुलीस भेटावे, असे ठरले. मुलीस विचारल्याशिवाय शब्द द्यावयाचा नाही, हे आत्याबाईंनी दोनदा बजावले.

वर्धा नदीचा पूल ओलांडून, बल्लारपूर व चंद्रपूर मागे टाकीत, रात्री भद्रावतीस पोहोचलो. गावाचे नाव बदलले तरी रेल्वेच्या फलकावर अजून भांदकच आहे. पहाटे दोघी जणी सर्वांच्या आधी मंदिरात जाऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंना राजुऱ्याहून कोरपन्याच्या गाडीत बसविले. मुलाची आई फाटकापाशी भाकरी व चटणीचे गाठोडे घेऊन आली होती. तिने ते खिडकीतून आत दिले आणि पुढच्या गाडीची वेळ विचारून ठेवली.